अश्रूंना जागा हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कुणाच्या घरी दुःख झालं की आपण समाचाराला जातो. जाताना वाटेत मनाशी दोन वाक्यं जुळवून ठेवतो. रिकाम्या हातानं जाऊ नये तसं रिकाम्या तोंडानंही जाऊ नये, असं आपल्याला वाटतं. माझी ती दोन वाक्यं तीन वर्षांपूर्वी साफ चुकली. आज जे बोलणार आहे, ते त्या चुकीमुळे शिकलो.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी माझं शिक्षण झालं. आम्हाला मराठी शिकवणारे सर ख्रिस्ती होते. मी मोहल्ल्यातला मुलगा, घरात दखनी बोलणारा. माझ्या वहीच्या मागच्या पानांवरच्या ओळी वाचून "हे खोडू नकोस, लिहीत जा" असं म्हणणारे ते पहिले. त्यांच्या पत्नी दवाखान्यात परिचारिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणे. तीन वर्षांपूर्वी बाई गेल्या. एक्कावन्न वर्षांचा संसार होता. सर तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे.

दफनविधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. सर खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडत होते. मी त्यांचा हात धरला आणि वाटेत जुळवलेली वाक्यं म्हणून टाकली. म्हटलं, "सर, तुमच्या धर्मात तर पुनरुत्थानाची आशा आहे. बाई देवाघरी सुखात आहेत. तुम्ही असं रडायचं नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "अरे, सकाळपासून हे सांगणारा तू सातवा. आशा आहे, ती कुठं गेली नाही. पण बाई गेली ना? बस तू. नुसता बस."

मी बसलो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर गुरुवारी संध्याकाळी जाऊन बसत राहिलो. कधी ते वाचून दाखवत, कधी मी. कधी दोघंही गप्प. ख्रिस्ती माणसाच्या दुःखाबद्दल मुसलमानानं काय बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझ्याही आला होता. पण शेजारच्या घरातलं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येतंच, आणि ते ऐकून काय करायचं हे प्रत्येकाला ठरवावंच लागतं. शिवाय सर म्हणाले होते, "तुला समजलं तर कुणाला तरी सांग." म्हणून सांगतो.

श्रद्धावंत माणसानं रडणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असा एक समज आपल्या सगळ्यांमध्ये आहे. ख्रिस्ती मंडळींत त्याला आधार म्हणून पुष्कळदा पौलाच्या पत्राचा हवाला देतात. ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पौलानं इसवी सन ५० च्या सुमारास हे पत्र लिहिलं. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. तिथल्या मंडळीतले काही लोक मरण पावले होते आणि मागे राहिलेल्यांना धास्ती पडली होती, की आता आपल्या माणसांचं काय होणार? पौल त्यांना समजावतो, की ज्यांना काही आशाच नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नका.

सर शेवटी मराठीचे शिक्षक. ते म्हणाले, "आता या वाक्याचं पृथक्करण कर. लोक काय करतात, 'शोक करू नका' एवढंच उचलतात आणि पुढचं उपवाक्य गाळतात. उपवाक्य गाळलं की अर्थ मेला. तो शोक करू नका म्हणत नाही. अमुक प्रकारचा शोक करू नका म्हणतो. म्हणजे शोक करणार हे त्यानं धरूनच चाललंय."

मग त्यांनी मला लाजराची गोष्ट वाचून दाखवली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ती आहे. लाजर हा येशूचा स्नेही. तो मरतो. येशू तिथं पोहोचतो तेव्हा त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था आणि मरीया या लाजराच्या बहिणी. दोघीही त्याला वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट सुनावतात, की तुम्ही इथं असतात तर आमचा भाऊ मेला नसता. ही तक्रारच आहे, आणि येशू ती ऐकून घेतो. त्यांना दटावत नाही. पुढं काय होणार हे त्याला ठाऊक आहे. थोड्या वेळानं तो लाजराला कबरेतून बाहेर बोलावणार आहे. आणि तरीही लोकांना रडताना पाहून त्याच्या डोळ्यांना पाणी येतं, असं योहान नोंदवतो. सर म्हणाले, "ज्याला शेवट माहीत होता तोसुद्धा रडला. मग मी कोण मोठा लागून गेलो?"

बायबल उघडून पाहिलं तर शोकाला तिथं मुबलक जागा आहे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी देवावरच्या भरवशाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र तसं वळत नाही. ते काळोखातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही, की त्याला गोड शेवट जोडला नाही. तेही प्रार्थना म्हणूनच राहू दिलं.

ईयोबाची गोष्ट तर समाचाराला जाणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. ईयोबाची मुलंबाळं, धनदौलत, आरोग्य सगळं जातं. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. त्याची अवस्था पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. तोवर सगळं ठीक असतं. मग ते बोलायला लागतात. दुःखाची कारणं सांगतात, देवाच्या वतीनं वकिली करतात. ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो आणि ईयोबानं त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असं सांगतो. हे ऐकताना मला माझी दोन वाक्यं आठवली आणि मी मान खाली घातली.

एका जागी मात्र बायबलात जोडीदाराच्या मरणावर रडू नको असं स्पष्ट सांगितलेलं आहे. यहेज्केल हा संदेष्टा. त्याची पत्नी, जिला देव त्याच्या नेत्रांचा आनंद म्हणतो, ती एका संध्याकाळी मरते, आणि त्यानं उघड शोक करायचा नाही अशी आज्ञा त्याला आधीच झालेली असते. पण ही आज्ञा सर्वांसाठी नव्हती. यरुशलेमवर येणारं संकट इतकं मोठं असेल की लोकांना रडायचंही भान राहणार नाही, याची ती खूण होती. लोक चकित होऊन त्याला विचारतात, हे काय चाललंय? पत्नी गेल्यावर माणूस रडणारच हे सर्वांनी गृहीत धरलेलं होतं, म्हणूनच त्याचं न रडणं ही खूण ठरली.

आता रीतिरिवाजांकडे येतो. ख्रिस्ती समाज आपल्याला बाहेरून एकसारखा दिसतो, पण शोकाच्या बाबतीत त्यात मोठे फरक आहेत. कॅथलिक मंडळी मृतांसाठी प्रार्थना करतात. सातव्या दिवशी, महिन्यानं, वर्षानं मिस्सा अर्पण होते. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या सुमारास वसईत, मुंबईत, गोव्यात दफनभूमीत गेलात तर कबरी झाडूनपुसून फुलांनी सजवलेल्या आणि मेणबत्त्यांनी उजळलेल्या दिसतील. आपल्या माणसासाठी अजूनही काही करता येतं, हा त्यातला मोठा आधार.

प्रॉटेस्टंट मंडळी सहसा मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस प्रभूच्या हाती गेला, आता आपल्या शिफारशीची गरज नाही, अशी त्यांची धारणा. ते मृताच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. आमचे सर या परंपरेतले. दफन झालं, घरी प्रार्थना झाली, पुढं स्मरणसभा झाली, आणि विधी संपले.

आमच्याकडे विधवेसाठी इद्दत असते, चार महिने दहा दिवस. हिंदूंच्या घरी दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. या मुदतींबद्दल वाद घालता येतील, विशेषतः त्यांचं ओझं बायकांवरच का, हा वाद तर घातलाच पाहिजे. पण दिवस मोजायला दिलेले असतात. सर म्हणाले, "आमच्याकडे सुतक नाही, विटाळ नाही, बंधन नाही. चांगलंच आहे. पण किती दिवस रडायचं आणि कधी उठायचं हे सांगणारंही कुणी नाही. मोकळ्या माळावर सोडल्यासारखं होतं." विधवेनं अमुक घालू नये, शुभकार्यात पुढं येऊ नये, असं ख्रिस्ती शास्त्र सांगत नाही. जोडीदार गेल्यावर पुन्हा लग्न करायला पौलाच्या पत्रात स्पष्ट मोकळीक आहे. तरी आजूबाजूच्या समाजाच्या चालीरीती घरात शिरतातच. पुष्कळ मराठी ख्रिस्ती स्त्रिया मंगळसूत्र घालतात. नवरा गेल्यावर ते काढायचं की ठेवायचं, हा प्रश्न मग शास्त्राचा न राहता शेजारणींच्या नजरेचा होतो.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी फक्त नवरा-बायकोच्याच दुःखात असते. आईवडील गेले तरी आपण त्यांची मुलं राहतो. भाऊ गेला तरी भाऊच राहतो. लग्नाचं मात्र तसं नाही. ख्रिस्ती विवाहात वधूवर जी शपथ घेतात ती मरणापर्यंतची असते. आणि सदूकी नावाच्या पंथाचे लोक येशूला अडवायला एक कोडं घालतात, तेव्हा तो जे उत्तर देतो ते तर आणखी कठीण. एका बाईनं एकामागून एक सात भावांशी लग्न केलं, सगळे मेले, तर पुनरुत्थानाच्या वेळी ती कुणाची बायको? येशू सांगतो, की तिथं लग्नव्यवहार नसतो, माणसं देवदूतांसारखी असतात.

एका गुरुवारी सरांनी हे पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "लोक म्हणतात, वर भेट होईल. होईल, माझा विश्वास आहे. पण तिथं ती माझी बायको नसणार. मग एक्कावन्न वर्षांचं काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मंडळीतल्या कुणा वडीलधाऱ्यानं त्यांना असा प्रश्न विचारणं बरं नाही असं म्हटलं होतं. सर सहा रविवार उपासनेला गेले नाहीत. विश्वास उडाला म्हणून नव्हे. बाकावर शेजारची जागा रिकामी, आणि गीत सुरू झालं की शेजारून येणारा आवाज नाही, हे सोसवत नव्हतं म्हणून.

सातव्या आठवड्यात त्यांचे पाळक घरी आले. तरुण गृहस्थ. त्यांनी उपदेश केला नाही. सरांनी तोच प्रश्न त्यांनाही विचारला. ते म्हणाले, "सर, तिथं लग्न नसेल असं लिहिलंय. ओळख नसेल असं लिहिलेलं नाही. प्रेम कमी असेल असंही नाही. यापलीकडे मला सांगता येत नाही." पुढच्या रविवारी सर गेले तेव्हा पाळकांची लहान मुलगी त्या रिकाम्या जागी येऊन बसली होती. कुणी बसवली की आपणहून बसली, सरांनी विचारलं नाही.

त्या दिवसांत आम्ही 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र मराठीत कुणाला सांगायला नको. त्यातले उतारे आपण शाळेत वाचले, हसलो, परीक्षेत लिहिले. पण एका ख्रिस्ती विधवेचं पुस्तक म्हणून ते मी कधी वाचलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंना आपला नवरा एका अर्थी दोनदा गमवावा लागला. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हाच्या ब्राह्मण घरात नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे संसार संपणंच. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी राहायचं नाही, अशी पाचेक वर्षं त्यांनी काढली. मग त्या परत टिळकांकडे आल्या, स्वतःच्या मनानं विचार केला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा धर्म म्हणून त्यांनी तो पत्करला नाही. जातीपातीचा, विटाळाचा प्रश्न स्वतः सोडवत त्या तिथं पोहोचल्या. त्यामुळं पुढं ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्याजवळ जी श्रद्धा होती ती उसनी नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, ५ मे १९१८ ला, त्यांच्या घरात मुलासारखा वावरलेला बालकवी ठोमरे रेल्वेच्या अपघातात गेला होता. एका वर्षात दोन घाव.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. जुन्या घरात त्या विधवा झाल्या असत्या तर पुढचं आयुष्य एका कोपऱ्यात गेलं असतं. केशवपन, आलवण, हे त्या काळात उघड चालू होतं. ख्रिस्ती विधवा म्हणून त्यांना ते भोगावं लागलं नाही. पण मोकळीक मिळाली म्हणून दुःख हलकं होत नाही, हे त्यांचं लेखन वाचताना कळतं. टिळक संत होते, कवी होते, आणि संसाराला अत्यंत अवघड होते. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे, कुणाला न सांगता घरातून निघून जाणारे. लक्ष्मीबाई हे सगळं लिहितात, त्यांच्यावर रागावतात, त्यांना हसतात. गेलेल्या माणसाचा देव करून त्या त्याला भिंतीवर टांगत नाहीत. सर म्हणाले, "बघ, ही खरी बायको. गेलेल्या नवऱ्याशीसुद्धा हिचं भांडण चालू आहे. भांडण चालू आहे म्हणजे माणूस जवळ आहे."

आणि एक गोष्ट त्यांनी केली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या, अक्षरओळख नवऱ्याकडून झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम पुढं नेलं. साठांहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि १९३८ साली 'ख्रिस्तायन' छापून आलं. आकड्यांत पाहिलं तर नवऱ्यापेक्षा बायकोचं काम कितीतरी पट मोठं. पण लक्ष्मीबाईंना तो हिशेब सुचलाही नसेल. मधेच थांबलेलं बोलणं त्या पुढं चालवत होत्या.

असंच एक पुस्तक इंग्रजीत आहे. सी. एस. लुईस हे ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडणारे नामांकित लेखक. दुःख का असतं, यावर त्यांनी १९४० साली एक तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं होतं. उतारवयात त्यांनी जॉय डेव्हिडमन या अमेरिकन कवयित्रीशी लग्न केलं. तिला कर्करोग होता. जुलै १९६० मध्ये ती गेली. मग लुईसनी घरातल्या वह्यांमध्ये जे लिहिलं त्यात तर्कबिर्क राहिला नव्हता. देव गप्प का, मी हाक मारतो तर दार का उघडत नाही, असा तो सगळा आकांत. धर्मातलं सत्य आणि कर्तव्य त्यांना मान्य होतं. धर्माच्या नावानं मिळणाऱ्या सोप्या दिलाशाचा मात्र त्यांना राग येई. हे पुस्तक १९६१ साली त्यांनी टोपणनावानं छापलं. १९६३ साली ते वारल्यानंतर ते त्यांच्या खऱ्या नावावर आलं. पुस्तकाच्या शेवटी श्रद्धा परत येते, पण ती आधीची, सगळी उत्तरं तयार असणारी श्रद्धा नसते.

हे वाचताना मला माझं घर आठवलं. अब्बा गेले तेव्हा जो तो येऊन अम्मीला सांगे, सब्र करो. अम्मी बिचारी पदरात तोंड घालून रडायची, चोरी केल्यासारखी. खरं तर पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्या वर्षाला आमच्या इतिहासात 'आमुल हुज्न', म्हणजे दुःखाचं वर्ष, असं नावच आहे. पुढं त्यांचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सब्र म्हणजे न रडणं असं कुणी शिकवलं आम्हाला, कोण जाणे. सरांच्या घरी बसून मला अम्मीचं रडणं समजलं, वीस वर्षांनी.

मग ख्रिस्ती माणसाची आशा करते तरी काय? मला समजलं ते असं. ती अश्रूंच्या जागी येऊन बसत नाही. ती शेजारी बसते. रडणाऱ्याला ती सांगते, की तू रडतोयस ते खऱ्या गोष्टीसाठी. मरण बायबलाच्या दृष्टीनं शत्रूच आहे, त्याला गोड म्हणायची सक्ती नाही. आणि हा शत्रू शेवटचा शब्द बोलणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरायच्या असतात. एकीला सोडून दुसरी धरली तर एक तर कोरडेपणा येतो, नाहीतर माणूस बुडतो.

भेटायला जाणाऱ्यांनी काय करावं, हेही त्या वर्षानं शिकवलं. वचनं सुचवू नयेत. ती त्या घरात तुमच्याआधीपासून आहेत. कामं करावीत. सरांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या रोज बाई काढून देत. कोणती गोळी कशाची हे सरांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या मुलीनं आणि मी मिळून डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावं आणि वेळा लिहिल्या. पेन्शनच्या कागदांवर 'विधुर' हा शब्द लिहायची वेळ आली तेव्हा आयुष्यभर मराठी शिकवलेले सर त्या शब्दापाशी थांबले. मी फक्त बँकेत सोबत गेलो होतो. आणि पहिल्या महिन्यात गर्दी करून नंतर विसरू नये. सहाव्या, आठव्या महिन्यात जावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. नाव घेतलं तर त्यांना आठवण होईल, अशी भीती आपल्याला वाटते. ते विसरलेलेच नसतात.

शेवटची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

बाईंची एक वही होती. नोकरीत असल्यापासून त्यांच्या हातून जी बाळंतपणं झाली, त्या प्रत्येक बाळाची नोंद तीत होती. आईचं नाव, गाव, तारीख, वजन, मुलगा की मुलगी. कुठं "रडायला उशीर केला", कुठं "आई घाबरलेली, आता बरी" असे शेरे. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचंही नाव आहे. वहीची पानं पिवळी पडून सुटी झाली होती, शाई उडाली होती. वर्षाच्या शेवटी शेवटी एका गुरुवारी मी गेलो तर सर टेबलाशी बसून ती वही नव्या वहीत उतरवून काढत होते. त्यांचं तेच मोत्यासारखं अक्षर, हात मात्र आता थोडा कापतो.

मी डोकावून पाहिलं. बाईंचं शुद्धलेखन यथातथाच होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जागोजाग. आम्हा पोरांची एक वेलांटी चुकली तरी सर लाल शाईनं गोल करत. मी म्हटलं, "सर, चुका तशाच ठेवल्यात?"

"तिच्या आहेत," सर म्हणाले, आणि पुढच्या नावाकडे वळले.